तांबडी गोळी डब्यात नको, पोटात हवी



१ जूनपासून होड्या वर काढल्या आहेत, ट्रॉलर जेटीला बांधले आहेत. ३१ जुलैपर्यंत बंदी. या दिवसांत आपल्या पानावर दरवर्षी आम्ही इंजिनाची दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, विमा, जाळ्यांची डागडुजी यावर लिहितो. यंदाही लिहूच. पण आजचा विषय वेगळा आहे. गरोदर बायकांना सरकारी इस्पितळातून आणि उपकेंद्रातून फुकट मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, हा तो विषय.

"हा बायकांचा विषय" असे म्हणून पुरुष सभासदांनी पुढे सरकू नये. खरे सांगायचे तर हा लेख मुख्यतः तुमच्यासाठीच लिहिला आहे. का, ते खाली कळेल.

गेल्या हंगामातली गोष्ट

गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाची बायको आठव्या महिन्यात मासळी बाजारात चक्कर येऊन पडली. ही हकीगत आम्ही तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या परवानगीने, नाव न देता सांगत आहोत. दोघांनीच म्हटले की सांगा, दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये.

पहाटे चारला उठायचे, काळा चहा घ्यायचा, जेटीवर लिलावात मासळी घ्यायची, पाटी घेऊन बाजार गाठायचा. हा तिचा रोजचा क्रम. आपल्या वाड्यावरच्या निम्म्या बायकांचा हाच क्रम आहे. त्या दिवशी पाटी उतरवता उतरवता ती खाली बसली ती उठलीच नाही. बाजूच्या मावशींनी तोंडावर पाणी मारले, १०८ ला फोन केला. इस्पितळात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ६.४ निघाले. डॉक्टरांनी सांगितले, ताबडतोब रक्त द्यावे लागेल, थांबता येणार नाही.

नवरा त्या वेळी समुद्रात होता. वायरलेसवरून निरोप गेला, जाळे ओढून होडी परत यायला दुपार झाली. तोवर इस्पितळात सही करायला तिची जाऊ, आणि रक्त द्यायला आपली पोरे. चार जण गेले, दोघांचे रक्त चालले. जेटीवरून तसेच गेले होते, अंगाला मासळीचा वास येत होता, कोणी काही बोलले नाही.

बाई वाचली. मूल तीन आठवडे आधी जन्मले, वजन दोन किलोला थोडे कमी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आज ते मूल बरे आहे, अंगणात रांगते. देवाची कृपा म्हणा आणि डॉक्टरांची मेहनत म्हणा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. जाऊ कपडे आणायला घरी आली तेव्हा फडताळात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. वर जाळे विणायची सुई आणि दोरा, खाली तांबड्या गोळ्यांच्या पट्ट्या. मोजल्या तर ९७ गोळ्या. चौथ्या महिन्यापासून नर्सबाईंनी दिलेल्या जवळजवळ सगळ्या. दर महिन्याला उपकेंद्रात विचारत होते, "गोळ्या घेतेस ना?" आणि ही म्हणत होती, "घेते." चौथ्या महिन्यात हिचे हिमोग्लोबिन १०.२ होते. म्हणजे थोडेच कमी. वेळेवर गोळ्या पोटात गेल्या असत्या तर बहुतेक ही वेळच आली नसती.

नंतर बऱ्याच दिवसांनी आम्ही तिला विचारले, रागावून नाही, समजून घ्यायला. तिने तीन कारणे सांगितली. पहिले, सकाळी चहाबरोबर गोळी घेतली की मळमळायचे आणि बाजारात उलटी यायची, लाज वाटायची. दुसरे, शौचाला काळे व्हायला लागले म्हणून ती घाबरली. तिसरे, शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "गोळी खाव नको गो बाय, पोर पोटात मोठा होता, मगे बाळंतपणाक त्रास."

तिन्ही कारणांना साधी उत्तरे होती. ती देणारे कोणी घरात नव्हते. नवरा रात्रभर समुद्रात आणि दिवसा झोपलेला. आणि संस्था म्हणून आम्ही? आमच्या कपाटात प्रत्येक होडीच्या इंजिनाचा नंबर आहे, परवाना कधी संपतो ते आहे, लाइफ जॅकेट किती ते आहे. पण होडी ज्या घरातून निघते त्या घरात काय चालले आहे, हे विचारायचे आम्हाला कधी सुचले नाही. ही चूक आमचीही आहे. म्हणून हा लेख.

रक्त कमी म्हणजे नक्की काय

आपल्या भाषेत सांगतो. रक्तातला तांबडा भाग फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतो. हा तांबडा भाग, म्हणजे हिमोग्लोबिन, बनवायला लोह लागते. गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त वाढते, कारण तिला दोन जिवांना पुरवायचे असते. त्यातले पाणी भराभर वाढते, पण तांबडा भाग त्या वेगाने वाढायला लोह पुरेसे नसते. तेव्हा रक्त पातळ पडते.

पूर्ण गरोदरपणात बाईला मिळून सुमारे १००० मिलीग्रॅम जादा लोह लागते. काही बाळाला आणि वारेला, काही तिच्या वाढलेल्या रक्ताला, काही बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताची भरपाई म्हणून. ज्या बाईच्या अंगात आधीच साठा कमी आहे, म्हणजे पाळीत जास्त रक्त जाते, मुले पाठोपाठ झालेली आहेत, किंवा सगळ्यांना वाढून उरेल ते खायची सवय आहे, तिची टाकी पहिल्या तीन महिन्यांतच तळाला जाते. अर्ध्या टाकी डिझेलवर लांबच्या फेरीला कोणी तांडेल निघेल का? आपल्या घरच्या बायका मात्र दर वेळी तशाच निघतात.

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, आणि ७ च्या खाली तीव्र. तीव्र असले की घरी गोळ्या खात बसून चालत नाही, इस्पितळातच जावे लागते.

आणि हे फक्त आपल्या वाड्यावरचे दुखणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एक. त्याच सर्वेक्षणात १८० दिवस गोळ्या घेतल्या असे सांगणाऱ्या माता फक्त २६ टक्के होत्या. गोळ्या डब्यात ठेवणारी आपली ती बाई एकटी नाही हे यावरून कळावे.

रक्त कमी असले तर दम लागतो, पाय सुजतात, चक्कर येते, काम होत नाही. "गरोदरपणात असे व्हायचेच" म्हणून आपण सोडून देतो. पण खरा धोका बाळंतपणाच्या वेळी असतो. बाळंतपणात थोडे रक्त जातेच. धडधाकट बाई ते सोसते. जिचे रक्त आधीच कमी आहे तिला तेवढेच जिवावर बेतू शकते. शिवाय मूल वेळेआधी होणे, वजन कमी असणे, हेही होते. मूल आपल्या पहिल्या सहा महिन्यांसाठी लागणारे लोह आईच्या पोटात असतानाच साठवून घेते. आईकडे नसेल तर ते कुठून आणणार?

कोणती गोळी, किती, कधी

येथे आम्ही डॉक्टर नाही. उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात जे सांगतात तेच एकत्र करून लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल तर तेच खरे.

फॉलिक आम्लाची गोळी. पहिले तीन महिने, रोज एक, ४०० मायक्रोग्रॅमची. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या महिन्यातच बंद होते. तेव्हा बाईला दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. म्हणून नवीन लग्न झालेल्या, मूल हवे असलेल्या जोडप्यांनी आधीच उपकेंद्रात विचारून ही गोळी सुरू करावी.

तांबडी गोळी. हीच ती डब्यातली. तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, कमीत कमी १८० दिवस. आणि लक्षात ठेवा, बाळंतपणानंतरही १८० दिवस. मूल झाले की काम संपले असे नाही, गेलेले रक्त भरून काढायचे असते आणि अंगावर पाजायचे असते. रक्त कमी असेल तर डॉक्टर रोज दोन गोळ्या सांगतात आणि दर महिन्याला तपासतात. गोळीने भागत नसेल किंवा दिवस कमी उरले असतील तर शिरेतून लोहाचे इंजेक्शन देतात. ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नाही.

कॅल्शियमची गोळी. चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन, मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत. यात ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असते. बाळाची हाडे यातून बनतात. ज्या बायकांच्या जेवणात कॅल्शियम कमी असते त्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोकाही यामुळे कमी होतो.

जंताची गोळी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदाच, नर्सबाईंच्या समोर. पावसात ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्यांना आकडे-जंत होतात. ते आतड्यात बसून रक्त पितात. वरून लोह घालायचे आणि खालून गळती, म्हणजे तळ फुटलेल्या होडीतले पाणी उपसण्यासारखे.

सगळ्यात जास्त होणारी चूक

आता नीट वाचा. चहाबरोबर तांबडी गोळी घेऊ नका. चहा आणि कॉफीतला अंश लोहाला अंगात शिरू देत नाही. गोळी घेऊनही रक्त वाढत नाही, मग बाई म्हणते "गोळीचा काही उपयोग नाही". गोळीच्या आधी आणि नंतर एक-दोन तास चहा नको. दुधाबरोबरही नको.

दुसरी चूक, तांबडी गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेणे. दोघी एकत्र आल्या की लोह कमी शोषले जाते. दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह जेवणानंतर थोडे थांबून.

आपल्या घरांसाठी सोपा क्रम असा बसतो. एक कॅल्शियम सकाळच्या पेजेबरोबर, दुसरे दुपारच्या जेवणाबरोबर. तांबडी गोळी रात्री, जेवून एक-दोन तासांनी, झोपायच्या आधी. रात्री घेतली की मळमळ झोपेत निघून जाते आणि पहाटे बाजारात त्रास होत नाही. गोळीबरोबर अर्धे लिंबू पिळलेले पाणी किंवा आवळ्याची फोड घेतली तर लोह जास्त चांगले शोषले जाते.

एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. एकच घ्या आणि पुढे चालू ठेवा.

काकींना काय सांगायचे

शेजारच्या काकी, आत्या, आजी वाईट सांगत नाहीत. त्यांना जे ऐकायला मिळाले ते त्या सांगतात. त्यांच्यावर रागावू नका, पण नीट उत्तर द्या.

"शौचाला काळे होते." होते. अंगाने न घेतलेले जादा लोह बाहेर पडते, त्याचा तो रंग. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण शौच डांबरासारखे चिकट असेल, पोटात दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

"बद्धकोष्ठ होते." काहींना होते. पाणी जास्त प्या, पालेभाजी खा, केळे-पपनस खा, थोडे चाला. तरी होत असेल तर नर्सबाईंना सांगा, गोळी बदलून देतात. न सांगता बंद करू नका.

"मूल काळे होते." मुलाचा रंग आई-बापाकडून येतो, गोळीतून नाही.

"मूल मोठे होते, बाळंतपण कठीण जाते." लोहाच्या गोळीने मूल फार मोठे होत नाही. मूल फार मोठे होण्यामागे बऱ्याच वेळा आईची वाढलेली साखर असते, म्हणून साखर तपासून घ्यावी. रक्त कमी असले की मूल उलट लहान होते. आणि कठीण बाळंतपण सोसायला रक्तच लागते.

"आम्ही कशाला गोळी खाऊ, आमच्याकडे रोज नुस्ते असते." हे आपल्या लोकांचे आवडते उत्तर. मासळी चांगली आहे यात वाद नाही. मासळीतले लोह अंगाला लवकर लागते आणि ती बाकीच्या जेवणातले लोहही शोषून घ्यायला मदत करते. पण हिशेब करा. गरोदर बाईला दिवसाला सुमारे २७ मिलीग्रॅम लोह हवे. शंभर ग्रॅम बांगड्यात ते एक-दोन मिलीग्रॅमच असते. जेवण आणि गोळी दोन्ही हवे.

घरात काय शिजवावे

आपल्याकडे चांगली मोठी मासळी बाजारात जाते आणि घरात लहान राहते. यात एक गोष्ट चांगली आहे. तारले, वेर्ल्या यांसारखी लहान मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळते. तिसऱ्या, खुबे, शिणाणे, कालवे यांत लोह भरपूर. मात्र गरोदर बाईला ती ताजी आणि पूर्ण शिजवलेलीच द्यावी. मोठ्या मोरीसारख्या शिकारी माशांत पारा साठतो, तेव्हा गरोदरपणात ती शक्यतो टाळावी आणि लहान मासळी घ्यावी.

बंदीच्या दिवसांत ताजी मासळी कमी होते. खारे बांगडे, सुकी सुंगटे ठीक आहेत, पण त्यात मीठ खूप. रक्तदाब असलेल्या बाईने जपून खावे. त्याऐवजी अंडी, चवळी, मूग, कुळीथ. तांबडी भाजी आणि मस्काच्या शेंगांची पाने पावसात अंगणात मिळतात. नाचणीचे तिजान तर आपले जुनेच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे आपल्या आज्या काही उगाच देत नव्हत्या.

आणि एक साधी गोष्ट. घरात गरोदर बाई असेल तर तिने शेवटी जेवायचे ही पद्धत तेवढे नऊ महिने तरी बंद करा. आमटीतला तुकडा आधी तिच्या ताटात पडू दे.

पुरुष सभासदांना विशेष

आता सांगतो हा लेख तुमच्यासाठी का आहे. वर्षाचे दहा महिने तुम्ही रात्री घरात नसता. आता बंदी आहे, तुम्ही घरात आहात. गोळी घ्यायची वेळ रात्रीची आहे. सवय लागायला एवढी चांगली संधी पुन्हा पुढच्या जूनपर्यंत मिळणार नाही.

काम एवढेच. रात्री पाण्याचा तांब्या आणि गोळी तिच्या हातात द्या. "घेतलीस का?" असे विचारू नका, त्याला उत्तर "घेतली" असेच येते. समोर घेऊ द्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला तांबड्या पेनने एक खूण करा. त्याच कॅलेंडरवर तुम्ही भरती-ओहोटी बघता, डिझेलचा हिशेब लिहिता. एक खूण आणखी. १ ऑगस्टला होड्या सुटल्या की ही खूण सासूबाईंनी किंवा नणंदेने करावी. समुद्रात असाल त्या रात्री फोनची रेंज असेपर्यंत एक फोन करा. मासळी किती मिळाली ते नंतर सांगा, गोळीचे आधी विचारा.

आपल्यापैकी कितीतरी जण लाइफ जॅकेट केबिनमध्ये गुंडाळून ठेवतात आणि तपासणी आली की काढतात. जॅकेट होडीत असून उपयोग नाही, अंगावर लागते. गोळीचेही तसेच आहे.

होडीमालकांना एक विनंती. आपल्या होड्यांवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले खलाशी आहेत. काहींचे कुटुंब येथे भाड्याच्या खोलीत राहते. त्यांच्या बायकांना आपले उपकेंद्र कुठे हे माहीत नसते, भाषा येत नाही. गोळ्या आणि तपासणी त्यांनाही फुकट आहे. अंगणवाडीत नाव त्यांचेही घालता येते. मालकाने एकदा सोबत जाऊन नोंद करून द्यावी. आपल्या होडीवर जीव धोक्यात घालणाऱ्याच्या घरासाठी एवढे करायला हरकत नसावी.

संस्थेने काय ठरवले

एक. संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. सभासद डिझेलच्या किंवा परवान्याच्या कामासाठी आले की घरात कोणी गरोदर आहे का, नोंदणी झाली का, एवढेच विचारले जाईल. नाव लिहायची सक्ती नाही. वही कपाटात कुलपात राहील, आणि नोंद फक्त घरातून संमती असेल तरच.

दोन. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही योजना आहे. त्या दिवशी वाड्यावरून जाण्यासाठी संस्थेचा टेम्पो सकाळी जेटीजवळून सुटेल. पैसे नाहीत. बरोबर माता आणि बाल संरक्षण कार्ड घ्यायला विसरू नका.

तीन. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५००० रुपये मिळतात, दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६०००. कागदपत्रे भरायला कार्यालयात मदत मिळेल. आधार आणि बँकेचे पुस्तक आणावे.

चार. ज्या पोरांनी गेल्या हंगामात रक्त दिले त्यांनी स्वतःहून सांगितले की रक्तगटाची यादी करा. यादी सुरू केली आहे. १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने नाव द्यावे. यादीची गरज पडू नये हीच इच्छा, पण असलेली बरी.

शेवटी सावधगिरीचे दोन शब्द

तांबडी गोळी वरून साखरेची असते, लहान मुलांना ती खाऊची गोळी वाटते. मुलांनी मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. तेव्हा गोळ्या उंचावर, झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. खाऱ्या हवेत गोळ्या सुट्या काढून ठेवू नका, पट्टीतच राहू द्या आणि रोज एकच फोडा. कोणत्या मुलाने खाल्ल्याचा संशय आला तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आणि ज्यांना आधीपासून काही आजार आहे, पोटात व्रण आहे, सिकल सेल किंवा थॅलेसेमिया आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना सगळे सांगूनच गोळ्यांचा क्रम ठरवावा. दुकानातून कोणी सांगितले म्हणून टॉनिक आणून पिऊ नये.

दम लागून बसता येत नाही, छातीत धडधडते, चेहरा आणि हात सुजले, डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंगावरून रक्त जाते किंवा बाळाची हालचाल कमी वाटते, तर सकाळ होण्याची, नवरा येण्याची, बाजार संपण्याची वाट बघू नये. तसेच इस्पितळात जावे.

ज्या बाईची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिची बाळंतपणानंतरची गोळी अजून चालू आहे. परवा कार्यालयात आली होती, मूल कडेवर. आम्ही विचारले, "गोळी?" तिने सांगितले, "रोज रात्री. हा देतो मला, आणि कॅलेंडरावर खूण करतो. विसरला तर मीच त्याला ओरडते." तो बाजूला उभा होता, हसला. जाळे विणायची सुई अजून त्याच बिस्किटाच्या डब्यात आहे म्हणाला. गोळ्या मात्र त्यात नसतात.

बंधूंनो, आज रात्री घरी गेल्यावर एकदा फडताळातले डबे उघडून बघा. काही सापडले तर रागावू नका. पाण्याचा तांब्या भरा आणि आजपासून सुरुवात करा.

आपला,
सचिव
(संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या वतीने)